माहिती अधिकाराचे अर्ज आम्ही टाकतो, पण पुण्याच्या गाडीभाड्याला पैसे कोण देणार? (सोलापूर)

नवी_पेठ

मंडळी, हा धागा खरं तर दोन महिन्यांपूर्वीच काढायला हवा होता.

गेली चार वर्षं आम्ही सात-आठजण मिळून शहरातल्या सार्वजनिक कामांचे कागद मागवतो. एक निवृत्त ओव्हरसियर काका, दोन शिक्षिका, एक झेरॉक्सवाला, बाकी नोकरी करणारी पोरं. गटाला नाव नाही, नोंदणी नाही. खर्च ज्याच्या त्याच्या खिशातून. आता ते जमेनासं झालंय, म्हणून लिहितोय.

एक प्रकरण जरा सविस्तर सांगतो. आमच्या भागात एका सरकारी खात्यानं काँक्रीटचा रस्ता केला. खात्याचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. पहिल्या पावसातच कडा निखळल्या. काकांनी निखळलेल्या जागी टेप लावला तर जाडी जेमतेम पाच इंच. आम्ही 'जोडपत्र अ' भरलं, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवलं आणि अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका आणि बिलं मागितली. तीस दिवसांत उत्तर नाही. पहिलं अपील केलं, वीस रुपयांचं तिकीट लावून. तिथं 'माहिती देण्यात यावी' असा आदेश झाला. तरी माहिती नाही. मग दुसरं अपील, राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. तिथं नंबर लागायला दीड वर्ष गेलं, आणि पहिल्या तारखेला जन माहिती अधिकारी आलेच नाहीत.

शेवटी कागद मिळाले. दोन रुपये पानाप्रमाणे ८६ पानं. अंदाजपत्रकात जाडी आठ इंच. एमबीची प्रत पाहून शंका आली म्हणून मूळ पुस्तिका बघायला आम्ही पुन्हा अर्ज केला. अशी पाहणी करायचा हक्क कायद्यातच आहे. मी आणि काका गेलो. टेबलावर पुस्तिका उघडली. सहा वेगवेगळ्या तारखांची मोजमापं, पण एकाच पेनानं, एकाच हातानं, एका बैठकीत लिहावीत तशी. शाई कुठं फिकी नाही, ओळ कुठं तिरकी नाही, पानाला मातीचा एक डाग नाही. आणि त्यातली एक तारीख गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेतल्या अक्षता सोहळ्याची! अहो, त्या दिवशी दुपारी निम्मं सोलापूर संमती कट्ट्याकडे असतं, उरलेलं नंदीध्वजांच्या वाटेवर. आणि इथं कागदावर तीनशे मीटर रस्ता मोजून झालाय. काकांनी आयुष्यभर असल्या पुस्तिका स्वतः लिहिल्या. ते काही बोलले नाहीत. तारखेवर बोट ठेवलं आणि नंतर चष्मा काढून पुसत बसले.

तक्रार दिली. उत्तर आलं, 'सदर कामाचा दोष दायित्व कालावधी संपुष्टात आलेला आहे.' हा कालावधी तीन वर्षांचा होता. ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्ती करायची ती तेवढ्यातच. आमची तीन वर्षं अपिलात गेली. कुणाला वाचवायला कुणी काही वेगळं करायची गरजच पडली नाही. वेळ गेला, तेवढं पुरलं.

आता पैशाचं. या एका प्रकरणात आमचे ३१ हजारांच्या वर गेले. तिकिटांचे त्यात शे-दीडशे. बाकी सगळं पुण्याच्या फेऱ्या, झेरॉक्स, वकिलाचा सल्ला आणि काँक्रीटची चाचणी. समोरच्याला सुनावणीला जायला पगारी रजा लागत नाही, ती त्याची ड्युटी असते. त्याच्या वकिलाची फी तिजोरीतून जाते, म्हणजे तीही आपणच भरतो. आणि ज्या पोराच्या डोक्यात या फायलीचं पान न् पान होतं, तो गेल्या जूनमध्ये नोकरीसाठी पुण्याला गेला. त्याला थांब म्हणायची माझी हिंमत झाली नाही. घरी आजारी वडील आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या कामाला एक पूर्णवेळ माणूस हवा, त्याला पगार हवा, आणि तो पगार सोलापूरनं द्यावा. एका बिल्डरनं दोन लाख देऊ केलेत. एका ओळखीच्यानं परदेशी संस्थेचं नाव सुचवलंय. मला दोन्हीची धास्ती वाटते. तुमचं काय म्हणणं?

---

काळी_माती

आमच्या गल्लीत गणपतीला प्रत्येक घरातून पाचशे-हजार निघतात, कुणी कुरकुर करत नाही. महिना पन्नास रुपये या कामाला मी आजपासून देतो. कुठं द्यायचे सांगा.

---

भुईकोट

वाईट वाटेल, पण लिहितो. माझ्या मेव्हण्याचं जुळे सोलापुरात घराचं बांधकाम चालू होतं. एकानं माहिती अधिकारात अर्ज टाकला. आठ दिवसांनी त्याचाच फोन, 'बसून मिटवून टाकू की ओ.' वीस हजारांवर मिटलं. अर्ज मागे. मेव्हण्याची परवानगी पूर्ण होती, तरी त्यानं दिले, कारण काम थांबलं असतं तर व्याज जास्त बसलं असतं. माझ्या ओळखीत असे तीन किस्से आहेत. तुम्ही तसे नाही, हे लिहिण्यावरून कळतं. पण या कामात पैसा आला की त्याचा धंदा होतो, असं माझं ठाम मत आहे. हे काम फुकटच व्हायला हवं. ज्याला परवडेल त्यानं करावं.

---

नवी_पेठ

भुईकोट, तुमचा किस्सा मला नवा नाही. असली माणसं मीही ओळखतो. पण 'ज्याला परवडेल त्यानं करावं' म्हटलं की राहतात कोण? पेन्शनवाले आणि मांडवली करणारे. मधला प्रामाणिक तरुण दोन वर्षांत गळतो. मी डोळ्यांनी पाहिलंय. मांडवली करणाऱ्याला त्याच्या अर्जाचे पैसे समोरच्याकडून मिळतात. प्रामाणिक माणसाला ते कुणाकडूनच मिळत नाहीत. मग टिकणार कोण?

---

सीना_काठ

राजस्थानचं उदाहरण इथं यायला हवं. मजदूर किसान शक्ती संगठन, १९९० साली देवडूंगरी नावाच्या लहानशा गावातून सुरू झालं. अरुणा रॉय आयएएस सोडून आल्या होत्या. निखिल डे, शंकर सिंह त्यांच्या बरोबरीचे. दुष्काळी कामांवर किमान मजुरी मिळेना म्हणून मजुरांनी हजेरीपट मागितले. ते 'गोपनीय' म्हणून नाकारले गेले. तिथून माहितीच्या हक्काची मागणी उभी राहिली. डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना गावात पहिली जनसुनवाई झाली. सरकारी कागदावरची नावं आणि आकडे गावासमोर मोठ्यानं वाचायचे, आणि लोकांनी तिथल्या तिथं सांगायचं की मी त्या कामावर गेलोच नव्हतो, किंवा ही भिंत बांधलीच नाही.

आता पैशाचं बघा. या लोकांनी संस्थात्मक अनुदान घ्यायचं नाही असं ठरवलं. पूर्णवेळ कार्यकर्ते किमान वेतनाएवढंच मानधन घेत. म्हणजे फुकट काम नाही, आणि गलेलठ्ठ पगारही नाही. रस्त्यावर खडी फोडणाऱ्याला जे मिळतं, तेवढंच. १९९६ साली ब्यावरला ४० दिवस धरणं चाललं. आसपासच्या खेड्यांतून धान्य आलं, बाजारातल्या भाजीवाल्यांनी भाजी दिली. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा त्यांचीच. ती सरकारला जशी विचारायची तशी स्वतःलाही लागू होते, म्हणून स्वतःचे जमाखर्चही ते लोकांपुढे मांडत आले.

भुईकोट, 'फुकट' आणि 'धंदा' यांच्यामध्ये ही बरीच मोठी जागा आहे.

---

हिशेबवही

मी लेखापरीक्षणाच्या क्षेत्रातला आहे, म्हणून कोरडं पण कामाचं लिहितो.

पहिलं म्हणजे नोंदणी करा. सातजण असाल तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली विश्वस्त व्यवस्था म्हणूनही नोंद होते. कार्यालय सोलापुरातच आहे. दरवर्षी हिशेब तपासून सादर करावे लागतात, कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज द्यावा लागतो. कटकट आहे. पण तुम्ही दुसऱ्याची एमबी बघायला निघालात, तर तुमची वही कुणीही कधीही उघडून बघू शकेल अशीच असली पाहिजे. नोंदणी नसताना लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर गणपती मंडळांना लागतो तोच नियम, कलम ४१ क, तुम्हालाही लागेल. तुमच्यावर पहिला हल्ला भ्रष्टाचाराच्या मुद्द्यावरून होणार नाही, तो पावतीपुस्तकावरून होईल. हे मी अनुभवानं सांगतो.

देणगीदाराला मिळणारी करसवलत, म्हणजे जुन्या आयकर कायद्यातली ८०जी, मिळवा, पण तिच्यावर फार विसंबू नका. ती जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यालाच मिळते, आणि दोन हजारांवरची रोख देणगी तिच्यात धरत नाहीत. निनावी देणग्या ठराविक मर्यादेपलीकडे गेल्या तर त्यावर ३० टक्के कर. म्हणून दहा रुपये आले तरी नाव-पत्ता लिहून पावती फाडा.

कंपन्यांच्या सीएसआरची, म्हणजे समाजकार्यासाठीच्या निधीची आशा सोडून द्या. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात शिक्षण, आरोग्य, स्वच्छता, वारसा, खेळ असं बरंच काही आहे. सरकारी कारभारावर लक्ष ठेवणं त्यात नाही. आणि ज्या कंपनीला रोज परवानग्या लागतात ती तुम्हाला पैसे देऊन कशाला अडचणीत येईल? बाग करायला, बाकडी टाकायला पैसे लगेच मिळतात. बाकड्यांचं बिल तपासायला कुणी देत नाही.

बिल्डरचे दोन लाख घेऊ नका, एवढंच आग्रहानं.

---

दूरदेशी

मी मूळचा साखर पेठेतला, आता चौदा वर्षं बाहेर. मला द्यायचेत, पण परदेशी पैशाचा कायदा आडवा येतो असं ऐकलंय. एक इशाराही देतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत अचानक थांबवली, आणि भ्रष्टाचार उघडकीला आणणाऱ्या कितीतरी देशांतल्या गटांना, शोधपत्रकारांना एका रात्रीत माणसं कमी करावी लागली. त्यांच्या कामात खोट नव्हती. पैसा ज्या नळातून येत होता तो दुसऱ्याच्या हातात होता.

---

हिशेबवही

दूरदेशी, तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेला पैसा परदेशी अंशदान धरत नाहीत. तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असेल, तर मात्र धरतात. मग संस्थेला एफसीआरएची, म्हणजे परदेशी अंशदानाच्या कायद्याखालची नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या एकाच मुख्य शाखेत यावा लागतो, दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये या दुरुस्त्या बऱ्याच अंशी कायम ठेवल्या. आता विचार करा, या कामात वास्तू नाही, यंत्र नाही. माणसाचा पगार, प्रवास, वकील, हेच तर काम आहे. त्यातलं बरंचसं 'प्रशासकीय' खात्यात जाऊन बसतं.

---

विडी_घरकुल

मी इथं सहसा फक्त वाचते. आज लिहिते.

माझी आई विड्या वळायची. हजार विड्यांमागे छाट, म्हणजे नाकारलेल्या विड्या, किती निघाली यावर घरात भाजी यायची की नाही ते ठरायचं. कुंभारीत गोदूताई परुळेकरांच्या नावानं जी घरं झाली, त्यात बायकांनी आपल्या वाट्याचे पैसे स्वतः भरले. एकेक रुपया मागे टाकून. म्हणून गरीब माणूस असल्या कामाला पैसे देणार नाही असं कुणी म्हणू नये. तो देतो, पण पावती मागतो आणि माणूस मागतो.

माणूस म्हणजे काय ते सांगते. गेल्या वर्षी एका कार्यालयात दाखल्यासाठी आईला पाच वेळा परत पाठवलं. एकदा 'साहेब नाहीत', एकदा 'सर्व्हर बंद', एकदा जुनी रेशनकार्डाची प्रत चालत नाही म्हणून. पाचव्यांदा बाहेरच्या एजंटानं सातशे घेतले आणि दुसऱ्या दिवशी दाखला हातात. आईनं ते सातशे रुपये पदराच्या गाठीतून काढून मोजून दिले. मला घरी येऊन सांगितलं सुद्धा नाही, तिला वाटलं मी भांडेन. मी बी.कॉम. झालेय, पण माझ्या अर्जाचं काय झालं हे विचारायचा कागद कसा लिहितात ते मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

तुमचा रस्ता महत्त्वाचा आहेच. पण आमच्याकडे आठवड्यातून एक संध्याकाळ कुणी टेबल टाकून बसलं, अर्ज लिहून दिला, पोच कशी घ्यायची ते दाखवलं, तर घरटी दहा रुपये मी स्वतः फिरून गोळा करून देईन.

---

कोर्टाच्या_पायऱ्या

वकिली करतो, म्हणून दोन गोष्टी.

नवी_पेठ यांनी वेळेचं जे लिहिलंय ते तंतोतंत खरं आहे. भ्रष्टाचाराचा पुरावा असूनही माणूस सुटतो तो बऱ्याचदा निकालानं नाही, मंजुरी अडून राहिल्यानं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम १९ म्हणतं, खटला चालवायला सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी हवी. २०१८ मध्ये कलम १७ अ आलं. त्यानुसार अधिकाऱ्यानं पदावरून घेतलेल्या निर्णयाची किंवा केलेल्या शिफारशीची चौकशी सुरू करायलाच आधी परवानगी हवी. लाच घेताना रंगेहाथ सापडला तर नको, पण फायलीवर सही करून नुकसान केलं तर हवी. अशा मंजुरीच्या मागे वर्षानुवर्षं पत्रं लिहीत राहणं हे काम आहे, आणि त्याला कुणीही देणगी देत नाही कारण त्याचा फोटो निघत नाही. माहिती आयोगाकडे २०२३ मध्ये महाराष्ट्रात लाखाहून जास्त अपिलं तुंबली होती. कलम २० खाली दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंडाची तरतूद आहे. ती वापरायची वेळच येत नाही, कारण माणूस दुसऱ्या तारखेनंतर येईनासा होतो.

चिकाटीला पैसा लागतो याचं मोठं उदाहरण एडीआरचं, म्हणजे असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सचं. १९९९ साली अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी सुरू केलेली ही संस्था. उमेदवारांना गुन्हे आणि मालमत्ता जाहीर करावी लागते ती त्यांच्या खटल्यामुळे. निवडणूक रोख्यांविरुद्ध त्यांनी २०१७ मध्ये याचिका केली, निकाल लागला १५ फेब्रुवारी २०२४ ला. सहा वर्षांहून जास्त. तेवढा काळ कार्यालय चालू ठेवलं, म्हणून तो निकाल लागला.

दुसरी गोष्ट जिवाची. तळेगावच्या सतीश शेट्टींचा १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना खून झाला. जमिनींचे व्यवहार ते उघडकीला आणत होते. भ्रष्टाचार उघड करणाऱ्या जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली संसदेत मंजूर झाला आणि अजून अमलात आलेला नाही. म्हणून निधीतला एक हिस्सा आधीच बाजूला काढून ठेवा. बदनामीचा दावा झाला तर वकील, धमकी आली तर फिर्याद आणि पाठपुरावा, काही बरंवाईट झालं तर घरच्यांना काही महिने आधार. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण पगारी पोरगा नेमणार असाल तर ही जबाबदारी त्याच्यासोबतच येते.

आणि हे काही उपकाराचं काम नव्हे. भ्रष्टाचाराविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातलं कलम १३ नागरिकांच्या गटांच्या सहभागाबद्दलच आहे. भारतानं २०११ मध्ये त्याला मान्यता दिलीय.

---

सीना_काठ

यावरून आठवलं. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात, म्हणजे जी कल्पना मुळात आपल्या महाराष्ट्रानं देशाला दिली त्यात, कलम १७ खाली ग्रामसभेनं सामाजिक अंकेक्षण, म्हणजे लोकांनीच कामांची तपासणी, करायची तरतूद केली होती. आंध्रनं त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी केली. काम करणारं खातं एक आणि तपासणारं दुसरं, आणि तपासणाऱ्याचा पैसा काम करणाऱ्याच्या हातात नाही. शहरातल्या कामांना असं काहीच नाही. आपल्या महापालिकेत मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. सभागृहात प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं तेव्हा कागद मागत होते ते असे सात-आठजणच.

---

भुईकोट

सगळं वाचलं. विडी_घरकुल यांचं दोनदा वाचलं.

माझा आक्षेप पूर्ण गेला नाही, पण एक उपाय सुचतो. मांडवली कशी होते? अर्ज टाकलाय हे फक्त दोघांना माहीत असतं, टाकणाऱ्याला आणि ज्याच्यावर टाकलाय त्याला. म्हणून तो विकता येतो. तुम्ही अर्ज टाकाल त्याच दिवशी तो फलकावर लावा. तारीख, विषय, कुणाकडे टाकला. उत्तर आलं की उत्तर लावा. कुठलाही अर्ज मागे घ्यायचा असेल तर तो सभेत, कारण सांगून. मग विकायला हातात काही उरतच नाही. आणि खासगी घरांच्या, खासगी माणसांच्या मागे लागायचं नाही. फक्त सरकारी पैशाची कामं.

एवढं लिहून देत असाल तर महिना दोनशे माझे.

---

नवी_पेठ

भुईकोट, फलकाचं आम्हाला चार वर्षांत सुचलं नव्हतं. नियमात पहिलं कलम तेच घालतो, तुमच्याच शब्दांत.

काल काकांच्या ओट्यावर बसून ठरवलं ते असं. बिल्डरला नाही कळवलं. एका माणसाकडून महिन्याला पाचशेच्या वर घ्यायचे नाहीत, मग तो कुणीही असो. सरकारी ठेका असलेल्याकडून एक रुपया नाही. हिशेबवही यांनी नोंदणीचे कागद बघून द्यायचं कबूल केलंय. नोंदणी होईपर्यंत ४१ क प्रमाणे अर्ज देऊन, छापील पावत्या घेऊनच गोळा करायचं. दूरदेशी, तुमचा पासपोर्ट भारतीय आहे असं तुम्ही व्यक्तिगत निरोपात कळवलंत, तेव्हा तुमचंही चालेल, पण पाचशेच. कोर्टाच्या_पायऱ्या यांनी सांगितल्याप्रमाणे दर शंभरातले वीस रुपये वेगळ्या खात्यात, त्याला हात लावायचा नाही.

पगाराचा हिशेब मांडला. किमान वेतनाएवढा एक माणूस, त्यावर प्रवास आणि झेरॉक्स धरून, महिना शंभर रुपये देणारी साधारण अडीचशे माणसं लागतील. दहा लाखांच्या आसपासच्या शहरात अडीचशे. पुण्याला गेलेल्या पोराला मी फोन केला. तो परत येणार नाही, पण नव्या माणसाला दर रविवारी फोनवरून फाइल समजावून देईन म्हणाला.

रस्त्याचं प्रकरण सोडलेलं नाही. कालावधी संपला हे दुरुस्तीपुरतं झालं. जे मोजलंच नाही त्याचं बिल काढलं, त्याला कसला कालावधी? ती तक्रार नव्यानं जातेय, अक्षता सोहळ्याच्या तारखेचं पान वर लावून.

विडी_घरकुल, येत्या रविवारी टेबल टाकायला आम्ही तिघं येतो. जागा तुम्ही सांगा.

---

विडी_घरकुल

आमच्या घरासमोर मोकळी जागा आहे, लाईटही आहे. साडेपाचनंतर या, तोवर बायका विड्या देऊन परत आलेल्या असतात. सोबत काय काय आणायला सांगू त्यांना?

---

नवी_पेठ

आधी दिलेल्या अर्जाची पोच किंवा नुसती तारीख. नसेल तरी चालेल, आपण शोधू. कोरे फॉर्म आणि दहा रुपयांची तिकिटं आम्ही घेऊन येतो. तेलुगू लिहिता-वाचता येणारं कुणी असेल तर बोलवा, आमच्यात तेवढी एक अडचण आहे.